ग्वाल्हेर: नणंदेच्या वास्तुशांतीला मनी ट्री द्यायचंय, कोणतं घेऊ?

छावनीवाली: नमस्कार. वैशाखात थाटीपूरला नणंदेची वास्तुशांत आहे. तिला वेणीसारख्या गुंफलेल्या खोडाचं मनी ट्री फार आवडतं. पण मी घरी आणलेलं जानेवारीत गेलं. पानं पिवळी पडून गळाली, खोड बुडाशी मऊ झालं. फार जीव लावला होता हो. भेटीचं झाड तरी असं जाऊ नये. तिच्याकडे पूर्वेची बाल्कनी आहे आणि दोन वर्षांचा मुलगा आहे. त्यापेक्षा आपला वेलीचा मनी प्लांटच देऊ का?

मातीतले हात: ताई, ते झाड थंडी आणि पाणी दोन्हींनी मिळून गेलं. हे पाचिरा, मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचं. दलदलीत, नदीकाठी वाढतं, म्हणून लोक भरपूर पाणी घालतात. पण तिथे बारा महिने ऊब असते. आपल्याकडे थंडीत कुंडीतली माती आठ-दहा दिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. पारा १० अंशांखाली जायला लागला की कुंडी आत घ्यायची. पानं नीट बघा, काटेसावर आठवेल. दोघं एकाच कुळातली.

जनकगंजच्या काकू: वेल देऊ नकोस गं. त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, रांगत्या-धावत्या पोराच्या घरात नको. आणि मनी प्लांट चोरून आणला तरच फळतो म्हणतात, तो नणंदेला भेट कसा देणार?

पाचिराला शुभ मानतात ते बहुतेकदा एका देठावर पाच पानं असतात म्हणून. चिनी परंपरेतली पाच तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि पाणी. आपली पंचमहाभूतं वेगळी, तरी पूजेच्या घरात हा मेळ मला फार गोड वाटतो. सात पानं निघाली तरी शंका नको, पाच ते नऊ निघतात. वेणी मात्र निसर्गाची नव्हे. रोपं कोवळी असताना माणूस गुंफतो, ही पद्धत तैवानातून पसरली.

छावनीवाली: काकू, वेल रद्द! पण मे महिन्यातली लू? आणि जेड कसं राहील?

मातीतले हात: जेड दक्षिण आफ्रिकेचं, कोरडी हवा सोसतं, पण पावसाळ्यात उघड्यावर राहिलं तर सडतं. चिनी नाण्यासारख्या गोल पानांचं पिलिया आपल्या उन्हाळ्यात जगवणं कठीण. पाचिराच घ्या. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दहानंतरचं नको. कूलरच्या खोलीतला दमटपणा त्याला मानवतो, फक्त झोत थेट पानांवर नको. जागा सारखी बदलू नका, पानं गाळतं.

नर्सरीत वेणीतलं प्रत्येक खोड बुडापाशी दाबून बघा. एक जरी मऊ लागलं तरी ते रोप सोडा, कारण कूज शेजारच्या खोडांत जाते. वेणीला सुतळी किंवा तार आवळली असेल तर सोडवा, खोड जाड झालं की रुतते. आणि चिनी मातीची कुंडी द्यायची असेल तर बुडाला भोक आहे ना, ते आधी बघा.

छावनीवाली: माझ्या कुंडीला भोकच नव्हतं.