अँडी रीड यांच्या कारकिर्दीत नेमके काय बदलले?

प्रश्न:
अँडी रीड यांनी १९९९ ते २०१२ अशी चौदा वर्षे अमेरिकन फुटबॉलमधील फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले आणि नियमित हंगामांत संघाला १३० विजय मिळवून दिले, पण सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, काही हाती लागला नाही. २०१२ चा हंगाम ४-१२ (चार विजय, बारा पराभव) असा संपताच त्यांना निरोप देण्यात आला. पुढे त्यांनीच कॅन्सस सिटी चीफ्सला तीन सुपर बोल जिंकून दिले. माणूस तोच असताना एवढा फरक कशामुळे पडला?

प्रतिसाद १:
क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) बदलला, दुसरे काय! जुना क्वार्टरबॅक असताना, जानेवारी २०१४ मधील प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात चीफ्सकडे कोल्ट्सविरुद्ध ३८-१० अशी आघाडी होती आणि तरीही ते ४५-४४ असे हरले. तिन्ही विजेतेपदे क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स आल्यानंतरची आहेत.

प्रतिसाद २:
हे उत्तर मला अपुरे वाटते. २०१२ मध्ये २-१४ अशी दैना झालेला चीफ्स संघ रीड यांच्या पहिल्याच हंगामात ११-५ वर पोहोचला, तेव्हा महोम्स शाळेत होते. माझ्या मते खरा फरक जबाबदारीच्या वाटणीत आहे. फिलाडेल्फियात प्रशिक्षणाबरोबर खेळाडूंच्या निवडीचा भारही रीड यांच्यावर होता. कॅन्सस सिटीत तो जनरल मॅनेजरने उचलला आणि रीड आपल्या आवडीच्या कामाकडे, म्हणजे आक्रमणाची आखणी करण्याकडे, वळू शकले. शिवाय २०१७ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) २७ व्या क्रमांकावरून १० व्या क्रमांकावर सरकून मिळवलेल्या महोम्स यांना त्यांनी अखेरचा सामना वगळता संपूर्ण हंगाम तेव्हाचे मुख्य क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ यांच्यामागे राखीव म्हणून बसवून ठेवले. चार पराभव झाले की ज्याची खुर्ची डळमळते, अशा प्रशिक्षकाला हा संयम परवडत नाही.

प्रश्नकर्ता:
वाटणीचा मुद्दा पटला. मात्र सामन्यातील उरलेला वेळ नीट वापरत नाहीत, ही रीड यांच्यावर होणारी टीका मला रास्त वाटत असे, कारण फेब्रुवारी २००५ च्या सुपर बोलमध्ये दहा गुणांनी मागे असूनही ईगल्सने चौथ्या सत्रातील एका चढाईत जवळजवळ चार मिनिटे घालवली आणि शेवटी सामना २४-२१ असा गमावला.

प्रतिसाद २:
ती टीका रास्तच होती. पण २०२३ चा सुपर बोल आठवून पाहा. समोर तेच ईगल्स, ३५-३५ अशी बरोबरी, आणि गोलरेषा समोर मोकळी असताना चीफ्सचे जेरिक मॅकिनन मुद्दाम अलीकडेच खाली बसले, जेणेकरून घड्याळ चालू राहावे आणि ईगल्सना प्रत्युत्तराला वेळ उरू नये. केवळ आठ सेकंद उरले असताना चीफ्सने फील्ड गोल (खांबांमधून चेंडू मारून मिळणारे तीन गुण) मारला.