बिअरच्या बाटल्या आणि खिडकीची काच भट्टीत एकत्र चालंल का?

लातूरकर_काचकाम:
नमस्कार मंडळी, माझ्याकडं छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे, मातीकामासाठी घेतलेली, कंट्रोलर आहे. आता काचेचे ट्रे करायचेत. फ्युजिंगची (भट्टीत वितळवून जोडायची) तयार काच इकडं मिळत नाही, मागवली तर लै महाग पडते. भंगारवाल्याकडं हिरव्या, तपकिरी बाटल्यांचा ढीग आहे आणि काचेच्या दुकानात ४ मिमीच्या उरलेल्या पट्ट्या फुकट देतात. पट्टीवर बाटलीचे तुकडे डिझाईनसारखे लावले तर चालंल का? टेम्परेचर किती? आणि लाईटचा भरवसा नाही हे धरूनच सांगा.

वाळूज_भट्टीवाला:
ताई, एकत्र नका लावू. दोन्ही सोडा-लाइम काचच आहे पण थंड होताना दोन्ही सारख्या आकसत नाहीत. तयार काचेवर सीओई (तापल्यावर काच किती फुगते-आकसते त्याचा आकडा) ९० किंवा ९६ लिहिलेलं असतं, खिडकीची साधारण ८३-८६ मध्ये येते आणि बाटलीचं तर कंपनीगणिक बदलतं. भट्टीतून ट्रे चांगला निघतो, मग आठवड्याने कपाटात ठेवल्या जागी तडकतो. म्हणून एका ट्रेला एकाच बाटलीची काच घ्या, किंवा नुसती खिडकीची. लॅबमधली बोरोसिलिकेट अजिबात नको, तिचा आकडा ३२-३३ च्या आसपास, जमतच नाही.
तरी मिसळायचंच असंल तर आधी दोन्हीचे छोटे तुकडे चिकटवून बघा. पूर्ण फ्यूज करा, नीट थंड करा, मग दोन पोलराइज्ड फिल्म एकमेकींना आडव्या धरा म्हणजे अंधार होतो, मधे तुकडा धरा. जोडाभोवती पांढरी चमक दिसली की ताण आहे, ती जोडी सोडून द्या.

परभणीचा_पोरगा:
वरचं सगळं बरोबर, टेम्परेचरचं मी सांगतो. बाटली नुसती चपटी करायची तर ७२०-७६० डिग्री सेल्सिअस, पूर्ण वितळवून एक करायची तर ८०० च्या पुढं. वर जास्त वेळ ठेवू नका, या काचेवर पांढरट धुकट थर लगेच येतो (डेव्हिट म्हणतात), त्यामुळं ७०० च्या आसपासचा टप्पा उतरताना पटकन ओलांडा. मग ५४०-५५० ला तासभर थांबा, हेच महत्त्वाचं, इथं काचेतला ताण निघतो. त्याच्यापुढं लै हळू उतरवा. शेल्फला किल्न वॉश (काच चिकटू नये म्हणून लावायचा लेप) लावायचं विसरू नका, आणि लेबलचा गोंद निघेपर्यंत बाटली धुवा, डाग राहिला तर तो काचेत बसतो.
फ्लोट काचेच्या, म्हणजे खिडकीच्या काचेच्या, एका बाजूला टिनचा थर असतो, शॉर्टवेव्ह यूव्ही लाईटमध्ये ती बाजू दुधट चमकते. सगळ्या पट्ट्यांची टिनची बाजू एकाच दिशेला ठेवा.
लाईट गेलीच तर दार उघडू नका, आपोआप गार होऊ द्या. नंतर सावकाश परत ५५० पर्यंत न्या, थांबा, उतरवा. ट्रे तडकला नसंल तर बहुतेक वाचतो.

लातूरकर_काचकाम:
दोघांचे आभार. दादा, मग आधी एका हिरव्या बाटलीचाच ट्रे करते. टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) काचेचे बारीक चुरे पण पडलेत इथं, ते चालतील का?

वाळूज_भट्टीवाला:
चालतील, टफन्डपणा भट्टीत निघून जातो. पण सगळा चुरा एकाच काचेचा पाहिजे. गाडीची पुढची काच मात्र नको, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो, जळून धूर होतो.