पफिनचं कार्टून बघून पोरांना वटवाघळाचं कार्टून करायचंय. बोली कुठली ठेवू?

खानापूरच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या एका मराठी शाळेत शिकवते. तिसरी-चौथी मिळून एकोणीस पोरं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आठ-आठ दिवस पोरांना अंगणातसुद्धा सोडता येत नाही. अशा दिवसांत मी घरचा लॅपटॉप नेऊन त्यांना ‘पफिन रॉक’चे भाग दाखवते. आयर्लंडमधल्या किलकेनी गावच्या कार्टून सलून या स्टुडिओनं केलेली मालिका. समुद्रातलं एक बेट, त्यावर ऊना नावाची पफिन पक्ष्याची पोरगी आणि तिचा धाकटा भाऊ. या भावाचं नाव बाबा! आमच्याकडं लहानग्याला लाडानं बाबा म्हणतातच, त्यामुळं तो पहिल्या दिवसापासून पोरांच्या घरचा झाला.

इंग्रजी पोरांना कळत नाही, म्हणून मी आवाज बंद करते आणि गोष्ट मीच सांगते. मुळात या मालिकेत एक निवेदक आहे, तो पक्ष्यांशी गप्पा मारत, त्यांना सावध करत गोष्ट पुढं नेतो. त्याच्या जागी मी बसते एवढंच.

मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीनं मला मधेच अडवलं. “बाई, ऊना ‘मी जाते’ का म्हणते? आमच्यासारखं ‘मी जातो’ का म्हणत नाही?” तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या भागात बायका-पोरी ‘मी आलो, मी जातो’च म्हणतात. माझी आईही तसंच बोलते. मी मात्र ऊनाच्या तोंडी पुस्तकातली मराठी घालत होते आणि माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना.

आता पोरांनी हट्ट धरलाय की आपणही कार्टून करू. नायक त्यांनीच ठरवला, आमच्याकडच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ. दोन मिनिटांचं तरी व्हावं असं मनापासून वाटतं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्याशा गावात बसून ती मंडळी हे काम कसं उभं करतात, त्यातलं आम्हाला काय घेता येईल? आणि पात्रांच्या तोंडी प्रमाण मराठी ठेवू की आमची?

शहापूरचा_चित्रकार

बाई, वाचून फार आनंद झाला. मी बेळगावातल्या शहापूरचा, आता बेंगळुरूत ॲनिमेशनमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात कार्टून सलूनचं नाव आदरानं घेतात. टॉम मूर, नोरा ट्वोमी आणि पॉल यंग यांनी १९९९ साली तो सुरू केला. किलकेनीची वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या निपाणीच्या निम्मीसुद्धा नाही. तिथं बसून केलेले त्यांचे पहिले चारही मोठे सिनेमे ऑस्करच्या नामांकनात गेले.

पहिला सिनेमा २००९ साली आला. स्टुडिओ सुरू झाल्यावर दहा वर्षांनी! मधल्या काळात दुसरी कामं घेऊन, टीव्हीची मालिका करून त्यांनी घर चालवलं. पैसा एका देशात पुरत नाही, म्हणून युरोपात चार-पाच देश मिळून सिनेमा करतात. २०१४ सालच्या ‘साँग ऑफ द सी’मध्ये आयर्लंड, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, लक्झेंबर्ग असे पाच देश होते. ज्या देशाच्या निधीतून पैसा येतो त्या देशातल्या कलाकारांना कामाचा वाटा द्यावा लागतो. आणि ‘पफिन रॉक’ त्यांनी डेरीच्या डॉग इअर्स कंपनीबरोबर केली. डेरी पडतं उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात. मधे सीमा आहे आणि दोन्हीकडची माणसं मिळून पोरांसाठी पक्षी रंगवतात. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते मी वेगळं सांगायला नको.

तुम्ही घ्यावं ते त्यांची नजर. २०२० सालचा ‘वुल्फवॉकर्स’ बघा, १६५० च्या किलकेनीतली गोष्ट. गावातली चित्रं जुन्या लाकडी ठशांसारखी, जाड रेषांची, चौकटीत कोंडलेली. जंगलात शिरलं की पेन्सिलीची कच्ची रेघसुद्धा पुसलेली नाही, सगळं मोकळं, वळणदार. म्हणजे रेष बघूनच कळतं माणूस कुठं कोंडलाय आणि कुठं सुटलाय. तुमच्या पोरांना दिवाळीचा किल्ला करता येतो, दारात रांगोळी काढता येते. त्यांची रेष तिथूनच येऊ दे. टीव्हीवरच्या वटवाघळाची नक्कल नको.

कामाचं बोलतो. सेकंदाला बारा चित्रं धरली तर दोन मिनिटांना चौदाशे चाळीस लागतात. ते पोरांना झेपणार नाही. जाड कागदाचे तुकडे कापा, पंख वेगळे, कान वेगळे, अंग वेगळं. टेबलावर ठेवून थोडं थोडं सरकवायचं आणि वरून मोबाइलनं फोटो घ्यायचा. सेकंदाला आठ फोटो पुरेत. मोबाइल दोन विटांवर फळी टाकून घट्ट बसवा, हलला की गेलं. खिडकीचा उजेड ढगाबरोबर बदलतो, म्हणून खिडकी झाकून बल्ब लावा. आणि आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्रं नंतर. आवाज हातात असला की कुठलं चित्र किती वेळ धरायचं ते आपोआप कळतं.

निपाणीकर_गुरुजी

बाईंचा उत्साह मोलाचा आहे. तरी भाषेबद्दल माझं मत वेगळं, रागावू नका. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. आपली पोरं पुण्याला शिकायला जातात तेव्हा ‘काय करूलालास’ म्हटलं की वर्गात हशा पिकतो. माझ्या स्वतःच्या मुलीनं पहिलं वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. इथं घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजीचा ओढा. पोरांच्या कानावर शुद्ध मराठी पडण्याच्या जागा आधीच किती राहिल्यात? त्यात कार्टूनसुद्धा बोलीत केलं तर ती कानावर पडायची कुठं?

खानापूरच्या_बाई

गुरुजी, रागवायचं काहीच नाही. मुलीचं वाचून वाईट वाटलं. मलाही डी.एड.ला असताना तसंच झालं होतं. पण म्हणूनच मला वाटतं, तुमच्या मुलीनं लहानपणी एखादं कार्टून आपल्या बोलीत ऐकलं असतं तर ती त्या वर्गात एवढी दबली नसती. ‘पफिन रॉक’चा निवेदक आहे क्रिस ओडाउड, तो रॉसकॉमनकडचा. इंग्रजी बोलतो ती आपल्या आयरिश वळणानं, लंडनचा हेल आणत नाही. ‘साँग ऑफ द सी’ तर त्यांनी आयरिश भाषेतही केला. प्रमाण मराठी मी फळ्यावर रोज शिकवते, त्यात कसूर करणार नाही. निवेदन प्रमाण ठेवते आणि पात्रं आपलं बोलतील, असं चालेल का?

निपाणीकर_गुरुजी

निवेदन प्रमाण असेल तर माझी हरकत नाही. मजकूर पाठवा, शुद्धलेखन मी तपासून देतो.

जांबोटीची_वाट

वटवाघळाबद्दल थोडं. बारापेडेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगात ही एकच जागा माहीत होती. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. कान भले मोठे, पुढं झुकलेले, कपाळावर एकमेकांना जोडलेले. पोरांना कान काढायला मजा येईल. हे किडे खातं, फळं नाही, म्हणून त्याच्या तोंडात पेरू देऊ नका! पफिन बिळात घरटं करतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो, त्या मालिकेत बिळातलं घर किती जपून दाखवलंय बघा. तसंच तुमचं खरं असू दे.

एक विनंती. पोरांना गुहेत नेऊ नका. भीमगड अभयारण्याचा भाग आहे, परवानगी लागते, आणि माणसांच्या वावरानं ती वटवाघळं बिथरतात. फोटोवरून चित्र काढा.

खानापूरच्या_बाई

पेरू खरंच होता, काढला. आता तोंडात पतंग आहे. गुहेला जाणार नाही, पोरांनाही पटलंय.

शनिवारी शाळा सुटल्यावर आवाज रेकॉर्ड केला. पत्र्यावर पाऊस एवढा होता की दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा तसाच घेतला. गोष्टीत पाऊसच आहे, राहू दे म्हटलं. वटवाघळाच्या पोरीचा आवाज त्याच मुलीनं दिला जिनं मला अडवलं होतं. पहिलंच वाक्य तिचं आहे: “आई, पाऊस थांबला की. मी जातो, किडं घेऊन येतो!”