खिचडीच्या रांगेआधीचे हात : सवय लावायची कोणी, शाळेने की घराने?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

जळगाव जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. २००८ पासून १५ ऑक्टोबरला जगभर हात धुवा दिन पाळला जातो, तसा तो यंदा आमच्याकडेही झाला. मुले रांगेत उभी राहिली, गुरुजींनी बोटांच्या बेचक्यांपासून नखांपर्यंत सगळे करून दाखवले आणि छायाचित्रे केंद्राच्या गटावर गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सहज ओट्यावर बसलो होतो. घंटा झाली तशी मातीत खेळणारी पोरे थेट ताटे घेऊन बसली. पाच-सहा जणांनी हात ओले केले आणि चड्डीला पुसले. साबण मात्र एकानेही लावला नाही, कारण तो कार्यालयातील कपाटात कुलूपबंद होता.

माझे म्हणणे असे की, हात का धुवायचे हे मुलांना पाठ आहे. अडते ते खेळाचे मैदान आणि ताट यांच्या मधल्या वाटेवर पाणी व साबण नसण्यापाशी. बांगलादेशातील दोन ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये शौचालयाजवळ हात धुण्याची जागा बांधून तिथपर्यंत पायवाट केली, वाटेवर पावले आणि त्या जागेवर पंजे रंगवले, व्याख्यान एकही दिले नाही. शौचानंतर साबणाने हात धुण्याचे प्रमाण आधी ४ टक्के होते. काम पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते ६८ टक्क्यांवर गेले आणि सहा आठवड्यांनंतरही ७४ टक्के भरले. म्हणून माझ्या मते दिन साजरा करण्यापेक्षा रंगाचा एक डबा आणणे शाळेने अधिक मनावर घ्यावे.

पांझराकाठ

धागाकर्त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही, पण हे ओट्यावर बसून लिहिलेले आहे. मी शिंदखेडा तालुक्यात दोनशिक्षकी शाळेवर आहे. चार वर्ग, दोन माणसे, शिपाई नाही. आहाराची नोंदवही, दर आठवड्याला मागितली जाणारी माहिती आणि उरलेल्या वेळात शिकवणे. त्यात आता हातांवर पहारा.

कुलपाचेही सांगतो, कारण ते आम्ही हौसेने लावत नाही. हापशाजवळ वडी ठेवली, ती कावळ्याने उचलली. (कावळा साबण पळवतो, हे ज्याने शाळा चालवली त्यालाच पटेल.) दुसरी वडी कोणाच्या तरी दप्तरातून घरी गेली, पोराला मी रागावलो नाही, कारण घरी साबण नसेल हे मला दिसत होते. तिसरी मात्र कपाटात ठेवली. मूल शाळेत येते ते सहाव्या वर्षी. तोवर जेवणापूर्वी हात धुण्याची सवय आईबापांनी लावलेली नसेल, तर ती पाच तासांत आम्ही कशी लावायची? आणि फेब्रुवारीनंतर जिथे प्यायचे पाणी टँकरने येते, तिथे रंगवलेली पावले कोरड्या नळापाशीच जाणार.

गिरणाकाठ

सर, कावळ्याचे पटले, आमच्याकडेही तोच चोर आहे. त्यावर उपाय आहे : दीड लिटरच्या जुन्या बाटलीत धुण्याची पावडर दोन-तीन चमचे घालून पाणी भरावे, झाकणाला खिळ्याने भोक पाडावे आणि बाटली खांबाला बांधावी. ती ना कावळा नेतो, ना दप्तरात मावते.

पाण्याचा हिशेबही मांडून पाहावा. नळ सोडून न देता तांब्याने धार धरली तर एका मुलाला अर्धा लिटर पुरते. साठ मुले दिवसातून दोनदा म्हणजे ६० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे चार हंडे. टंचाईत चार हंडे कमी नव्हेत, हे मान्य. पण वर्गखोल्या आणि ओसरी धुवायला आपण त्याहून अधिक ओततो.

सातपुडा_पायथा

मी धडगावकडील पाड्यांवर आरोग्याचे काम केले आहे आणि मला दोन्ही बाजूंचा सूर खटकतो. घराने सवय लावलीच नाही असे धरून चालणे बरोबर नाही. आमच्याकडे साबण नसला तरी राखेने हात चोळतात, आणि मैदानी भागात अहिराणी बोलणारी आजी पोराला ‘आधी हात धुई ले, मंग बस’ असे दटावल्याशिवाय भाकर देत नाही. शाळेत मात्र सगळ्यांसमोर नखे तपासून एखाद्या मुलीला ‘घाणेरडी’ म्हटले जाते आणि ती आठवडाभर फिरकत नाही, हे मी पाहिले आहे.

पुराव्यांविषयीही जपून बोलावे. कराचीतील वस्त्यांमध्ये झालेला व २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात मुलांचे अतिसार आणि लहानग्यांचा न्यूमोनिया जवळपास निम्म्यावर आले, आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी ठरला, ही आपल्या खिशाच्या दृष्टीने मोठी गोष्ट. पण तिथे साबण घरोघर पोचवला जात होता आणि कार्यकर्ते दर आठवड्याला येत होते. पुढे २०१८ मध्ये बांगलादेश आणि केनियातील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा हात धुण्याने बांगलादेशात अतिसार घटला, केनियात घटला नाही. त्यामुळे बाटली खांबाला बांधली की आजार पळाला, असे कोणी समजू नये. पिण्याचे पाणीच दूषित असेल तर धुतलेला हात काय करणार?

केळीबाग

मी रावेर तालुक्यातील एक आई. घर की शाळा हा वाद मला पुस्तकी वाटतो, कारण आमच्या घरी साबण जेवणाआधी वापरायला लावला तो दुसरीतल्या लेकीने, आजोबांना शेतातून आल्या आल्या अडवून. ती हे भाषणातून शिकली नाही. तिच्या शाळेत स्वयंपाकीण ताई तांब्याने पाणी घालतात, एक मूल बाटली दाबते, आणि सगळ्यांचे हात झाल्यावरच वाढप सुरू होते. फिलिपिन्समधील शाळांतही मुले रोज गटाने हात धुतात असे वाचले आहे. एकेकट्यावर पहारा ठेवावा लागत नाही, आणि कोणाला वेगळे काढून बोलावेही लागत नाही.

पांझराकाठ

ताई, आधी हात आणि मग वाढप हा क्रम मला मान्य आहे. त्यात शिक्षकाचा वेळ जात नाही. मात्र ताईंना मिळणारे मानधन किती तुटपुंजे आहे हे जाणून त्यांच्यावर आणखी एक काम टाकताना समितीने निदान त्यांना विचारावे. खर्चाबाबत म्हणाल, तर शाळेच्या संयुक्त अनुदानातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी धरलेली असते. ती वेळेवर हाती पडत नाही ही खरी अडचण, आणि तोवर पावडरीचा पुडा गुरुजींच्या खिशातून येतो.

सातपुडा यांचा आक्षेप मी खोडू शकत नाही, आमच्या टाकीचे झाकण गेल्या पावसाळ्यापासून फुटलेले आहे. सोमवारी आधी ते बसवतो, मग बाटली बांधतो. मार्चमध्ये हापशाला पाण्याऐवजी हवा येऊ लागली की चार हंड्यांचा हिशेब टिकला की मोडला, ते इथेच कळवीन.