शिक्षणकर्ज घेणारी मुलं उधळी नाहीत

फोंडेकर: काल इथं एकाने लिहिलं, "मुलांना ऐपत कळत नाही. कर्ज काढून इंजिनिअर व्हायचं आणि मग हप्त्यांच्या नावाने रडायचं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. साडेसात लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता महिन्याला साधारण ९,९०० रुपये. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पैसे उचलल्यापासून चढतं आणि भरलं नाही तर मुद्दलात मिळतं. माझ्या भाचीला इथं गोव्यात, वेर्ण्याला, बावीस हजार पगार. त्यात खोलीभाडं, त्यात हप्ता. शिक्षणकर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी ८०ई ची सवलत कुणी सांगू नका, एवढ्या पगारावर कर कुठला? कसली उधळपट्टी केली त्या पोरीने?

डिचोलीकर: ते मीच लिहिलं आणि शब्द मागे घेणार नाही. पर्वरीच्या गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, त्याची चौकशी केली होती? माझा मुलगा आयटीआय करून तारवार, म्हणजे जहाजावर नोकरीला, गेला. एक रुपया कर्ज नाही.

फोंडेकर: सगळ्या गोव्याने तारवारच जायचं का?

म्हापशेकार: हट्टाचं राहू दे, तारणाचं बोला. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक जमीन मागते. आमचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीचा सातबारा, अजून आजोबांच्या नावे. चार काका, दोन आत्या, प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही हवी. एक काका लिस्बनला, फोन उचलत नाही. पुतणीची पुण्याची सीट त्यातच गेली.

डिचोलीकर: मग इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, वेळेत का केली नाही? तीस वर्षं भाट, म्हणजे वाडवडिलांची बागायत, तसंच ठेवायचं आणि दोष बँकेला!

म्हापशेकार: वकिलाची फी तुम्ही भरणार होता? आमच्या घरातलं भांडण तुम्हाला काय ठाऊक!

काणकोणची वहिनी: भाई, तुमच्याकडे भांडायला भाट तरी आहे. आम्ही मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. मुंडकारांचा कायदा १९७५ चा, सासऱ्यांनी अर्ज केला, ते गेले, घर अजून आमच्या नावावर नाही. मी मंगळसूत्र गहाण टाकून मुलीची पहिली फी भरली. ऐपतीच्या गोष्टी मला सांगू नका.

डिचोलीकर: वहिनी, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण आता केंद्राच्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत शिक्षणकर्ज विनातारण मिळतं ना?

म्हापशेकार: निवडक संस्थांतल्या मुलांनाच. पुतणीचं कॉलेज त्या यादीत नाही.

डिचोलीकर: बरं, तारणाचं मान्य. ज्याच्या नावावर कागद नाही त्याने काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून देणगी भरून खासगी कॉलेजात घालणारे आईबाप मी बघितलेत आणि त्या कर्जाचा हप्ता मुलाच्या गळ्यात पडतो. त्यांच्याबद्दल बोलणारच.

फोंडेकर: बोला. पण तिथं आईबापांचं नाव घ्या, मुलांचं नको.