क्रूझर विकून उंच ॲडव्हेंचर गाडी घ्यावी का? उंची पाच फूट चार

गुरांचा_डॉक्टर (पाटण)
लोकहो, सल्ला हवाय. पाटण तालुक्यात गुरांचा डॉक्टर आहे. सध्या २२० सीसीची क्रूझर मोटरसायकल वापरतो, सीट खाली आणि फूटरेस्ट पुढे असलेली. कराडपर्यंत डांबरीवर जायचं तर आरामखुर्चीच. पण माझं निम्मं काम वाड्यांवर. मोरगिरीच्या वर नाहीतर सडावाघापूरकडे पावसाळ्यात नुसती खडी आणि चर. पाय पुढे ताणलेले, त्यामुळे खड्डा दिसला तरी बूड उचलता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला. शिवाय मागे कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्रा ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कॅन बांधलेला. तो उभाच राहावा लागतो, आणि फार हिंदकळला की नायट्रोजन लवकर उडतो. आतल्या रेतमात्रा वाया गेल्या तर शेतकरी मलाच शिव्या घालणार, रस्त्याला नाही.

एक सेकंडहँड ॲडव्हेंचर गाडी बघितलीय, हिरोची एक्सपल्स २०० फोरव्ही. सीट ८२५ मिलिमीटर, माझ्या आत्ताच्या गाडीची ७३७. बसून पाहिलं, दोन्हीकडे नुसते चवडे टेकतात. सौ. म्हणते, आधी शिडी आण. डबल सीट कराडला जावं लागतंच.

हिमालयन ४५० सुचवू नका. १९६ किलोचं धूड चिखलात आडवं झालं तर उचलायला काय म्हैस येणार?

भोरचा_भटक्या
डॉक्टर, ताकदीचा विचार सोडा, दोन्ही एकोणीस पीएसच्या आसपासच. खरा फरक पाय कुठे राहतात त्याचा. एक्सपल्सचे फूटरेस्ट बुडाखाली येतात. खड्ड्याआधी उभे राहा, दणका गुडघ्यांत जिरतो. पुढचं चाक २१ इंची, चरात अडकण्याऐवजी वरून निघून जातं. पुढचा शॉकअप १९० मिमी खेळतो आणि इंजिनाखाली २२० मिमी मोकळं.

उंचीचं म्हणाल तर मी तुमच्याहून इंचभरच मोठा. दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडायचा. थांबताना बूड डावीकडे सरकवा, डावा पाय नीट टेकतो, उजवा ब्रेकवर. गोची होते ती नेमका डावीकडे उतार असला की. म्हणून थांबायची जागा आधी हेरायची. आणि एक्सपल्सचीच 'प्रो' कुणी दाखवली तर लांबूनच नमस्कार करा, तिची सीट ८९१ आहे.

दहा_बाराचा_पाना
गॅरेज आहे म्हणून सांगतो. क्रूझरचे मागचे शॉकअप एखादा टप्पा सैल करून बघता येतील, पण मग कॅनच्या वजनाने गाडी आणखी खाली बसेल आणि घासेल. तुमच्या कामाला तो इलाज नाही.

एक्सपल्स घेतलीत तर उंचीसाठी सीटचा फोम कापून घेऊ नका. कापतात लोक, आणि मग परत माकडहाड घेऊन बसतात. चाकं स्पोकची, आत ट्यूब. २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही, एक जवळ ठेवा. सेकंडहँड आहे, तर रिमला पोचे आहेत का ते चाक फिरवून बघा. स्पोक एकेक हाताने दाबायचा, सैल लागला तर भाव पाडा.

मागची_सीट
वहिनींच्या बाजूने बोलते. आमचेही हे बुटकेच, गाडी अशीच उंच. घरासमोरच्या पायरीला लागून गाडी लावतात, डावा पाय पायरीवर, पुढचा ब्रेक दाबलेला. मग मी खांद्याला धरून फूटरेस्टवर चढते, गाडी हलत नाही. साडी नेसून एका बाजूला बसायचं मात्र विसरा. आणि पाठ टेकायला काही नसतं. कराडपर्यंत चालेल, कोल्हापूरला मी एसटीनेच जाते.

गुरांचा_डॉक्टर (पाटण)
पायरीची युक्ती सौ.ला वाचून दाखवली. "पंजाबी ड्रेसचे पैसे गाडीच्या हिशोबात धर," म्हणाली. रविवारी कॅनच्या वजनाची वाळूची पिशवी बांधून वाडीपर्यंत फिरवून बघतो, मालक तयार आहे. भोरकर, मागे सामान असलं की पाय पलीकडे कसा टाकता?

भोरचा_भटक्या
मागून टाकायचाच नाही. साइड स्टँडवर गाडी, गुडघा दुमडून टाकीच्या लगत सीटवरून पलीकडे सरकवायचा. गमबुटात जमतं का ते रविवारीच बघा.