अनुभव धागा: जुन्या हँडहेल्डचे खेळ नव्या यंत्रावर

हँडहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र. गेमबॉय १९८९चा, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स २००१चा, पीएसपी २००४ची. त्यांवरचे खेळ आज कोणी निन्टेंडोच्या डीएसवर खेळतं, कोणी सोनीच्या व्हिटावर, कोणी निन्टेंडोच्या स्विचवर. यंत्र बदललं तेव्हा खेळात काय उजळलं आणि काय निसटलं? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझ्याकडे डीएस लाइट आहे. खालच्या खाचेत अ‍ॅडव्हान्सचं कार्ट्रिज, म्हणजे खेळाची डबी, थेट बसतं, थोडं बाहेर डोकावतं एवढंच. पहिल्या अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून आम्ही भावंडं खिडकीशी जागा धरायचो. डीएसवर तेच खेळ पांघरुणात खेळता येतात. २४० बाय १६०चं चित्र २५६ बाय १९२च्या पडद्यावर न ताणता येतं, कडेला काळी चौकट राहते. मला ती चौकट आवडते. चित्र जसं काढलं होतं तसंच दिसतं. निसटलं ते दोघांनी खेळणं. डीएसला दोन यंत्रं जोडणाऱ्या लिंक केबलची जागाच नाही, त्यामुळे अ‍ॅडव्हान्सचे खेळ एकट्यानेच खेळायचे. दादा शेजारी बसलेला असूनही.

*

ताई, डीएसच्या त्या खाचेचं माझ्यावर मोठं ऋण आहे. मी न्यू जर्सीत वाढलो, शाळेत सगळी अ‍ॅडव्हान्सवर पोकेमॉन रूबी खेळायची. पुढे डीएसवर पोकेमॉन डायमंड आला. एका खाचेत डायमंड, दुसऱ्या खाचेत रूबी घातली की डायमंडमधल्या पाल पार्क या जागेतून जुने पोकेमॉन नव्या खेळात आणता यायचे. एका वेळी सहा, आणि परतीची वाट नाही. माझा ब्लेझिकेन नावाचा पोकेमॉन तसाच आला, मग पुढच्या पोकेमॉन ब्लॅक खेळात गेला, तिथून पोकेमॉन बँक या ऑनलाइन साठवणीत आणि शेवटी स्विचवर पोकेमॉन होम या साठवणीत. त्याच्या माहितीत मूळ शिक्षक, म्हणजे पहिला मालक, म्हणून सातवीतल्या माझं नाव अजून आहे. खेळ नव्या यंत्रावर चालवणं वेगळं, आणि खेळातला सोबती यंत्रामागून यंत्र बरोबर येणं वेगळं. हे घडवून आणणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो.

*

ठाण्याहून. आमच्याकडे पीएसपीच जास्त दिसायची. नंतर व्हिटा घेतली. पीएसपीच्या खेळांची यूएमडी चकती तिच्यात जातच नाही, आवडते खेळ दुकानातून पुन्हा डाउनलोड करून घ्यावे लागले, तो खर्च टोचला. पण चित्र! पीएसपी ४८० बाय २७२, व्हिटा ९६० बाय ५४४, दोन्ही बाजूंनी नेमकं दुप्पट. त्यामुळे मोठं करताना ठिपके वेडेवाकडे होत नाहीत. शिवाय अंगठ्याने ढकलायच्या उजव्या काडीवर खेळातला कॅमेरा सोपवता येतो. पीएसपीला एकच काडी होती, कॅमेऱ्यासाठी बोटं आखडायची.

*

थ्रीडीएसवाल्यांनो (डीएसनंतरचं यंत्र), डीएसचा खेळ उघडताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा. चित्र लहान होतं पण धूसर राहत नाही. एवढंच सांगायचं होतं.

*

माझ्याकडे अ‍ॅनालॉग पॉकेट आहे, जुने खेळ चालवणारी नवी हँडहेल्ड. तिचा पडदा १६०० बाय १४४०, गेमबॉयचा १६० बाय १४४. एका जुन्या ठिपक्याच्या जागी दहा बाय दहा नवे ठिपके, म्हणून जुन्या पडद्याची हिरवट छटा आणि ठिपक्यांमधली बारीक जाळीसुद्धा त्यावर उमटवता येते. आणि ती माझीच जुनी कार्ट्रिजं वाचते, याचं समाधान मोठं.

*

जुनी कार्ट्रिजं काढणार असाल तर आतल्या बॅटरीकडे बघा. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये जतन केलेला खेळ बॅटरीवर टिकतो. ती संपली की सगळं पुसलं जातं, आणि घड्याळही तिच्यावरच चालत असल्याने ती लवकर संपते. रूबी-सफायरमध्ये खेळ बॅटरीशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीवर असतो. बॅटरी गेली तर फक्त घड्याळ थांबतं, बेरीची रोपं वाढत नाहीत. घाबरू नका.

*

लेक स्विचवर गेमबॉयचे खेळ खेळते. २०२३पासून ते तिथे आले. चुकली की ती खेळ मागे फिरवते आणि पुन्हा उडी मारते. मला आधी खटकलं. वाटायचं, हरण्याची धास्ती नाही तर गंमत कसली? पण तिने ज्या खेळाचा शेवट गाठला, तो मला लहानपणी कधीच दिसला नव्हता. तिने हाक मारली, आणि शेवटच्या नामावलीपर्यंत आम्ही दोघी बघत बसलो. आता पुढचा खेळ तिनेच निवडलाय. या वेळी मागे फिरवायचं नाही, असं तीच म्हणाली.